लेकीच्या घरचं जळण

आमच्या महिला मंडळात परदेशी जाऊन आलेल्या बाईला दोन प्रश्न हमखास विचारतात. दर्शनाचं काय केलंस आणि खाण्याचं काय केलंस? दोन्हींची उत्तरं माझ्याकडं होती, ती दोन मिनिटांत देऊन झाली. दर्शन मोबाईलवर, आणि खाणं इथून नेलेल्या भडंगापासून तिथं मिळणाऱ्या भोपळ्यापर्यंत. पण त्यानंतर मी जे बोलत बसले ते जळणावर. पाच-सहा महिने अमेरिकेत राहून आलेली बाई जळणावर बोलते म्हटल्यावर बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं तर विचारलंच, "म्हणजे तिथं चूल असते व्हय गे?"

असते. तेवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं.

माझी लेक राहते ते मेन नावाचं राज्य अमेरिकेच्या नकाशात अगदी वर, ईशान्येच्या कोपऱ्यात आहे. बँगोर हे तिचं गाव. गावातून पेनॉबस्कॉट नदी वाहते. एकोणिसाव्या शतकात या नदीतून ओंडके वाहत यायचे आणि इथून जहाजं भरभरून लाकूड बाहेर जायचं. त्याची खूण म्हणून गावात एका लाकूडतोड्याचा एकतीस फुटी पुतळा उभा केलाय, हातात कुऱ्हाड. आम्ही बाहुबलींच्या उभ्या मूर्ती बघून वाढलेली माणसं. पहिल्यांदा लांबून तो उंच पुतळा दिसला तेव्हा माझे हात आपोआप जुळायला लागले होते. नात म्हणाली, "आजी, तो गॉड नाही, तो झाडं तोडतो."

तर असं हे लाकडाचं गाव. राज्याचा जवळजवळ नव्वद टक्के भाग जंगल. आणि घरं गरम करायला काय जाळतात? तेल. मी गेले तेव्हा शंभरातली जवळजवळ साठ घरं तेलावर होती, म्हणजे अख्ख्या अमेरिकेत सर्वात जास्त. घरं विखुरलेली, त्यामुळं गॅसची पाइपलाइन फारशी पोचलेली नाही. मग प्रत्येक घराच्या तळघरात लोखंडी टाकी, बहुतेक ठिकाणी २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरच्या वर. शेजारी भट्टी. तेलाची गाडी येते, बाहेरच्या नळीला पाइप लावते आणि भरून जाते. लेकीच्या तळघरात मी पहिल्यांदा उतरले आणि वासानं जागच्या जागी थांबले. रॉकेल! तसं ते डिझेलच्या जातीचं, पण वासाला भाऊबंदच. मला एकदम आमच्या गल्लीतली रेशनची रांग आठवली. पाच लिटरचा कॅन, कार्डावर शिक्का, आणि पुढचा माणूस जास्त नेतोय की काय म्हणून टाचा वर करून बघणाऱ्या आम्ही पोरी. आपल्या रेशनच्या रॉकेलला पुढं निळा रंग घालायला लागले, काळाबाजार कळावा म्हणून. तिथल्या या तेलाला लाल रंग घालतात. रस्त्यावरच्या गाड्यांच्या डिझेलवर कर आहे, यावर तो नाही. कुणी गाडीत घातलं तर रंगावरून पकडता यावं. सरकार कुठलंही असो, बाटलीत रंग ओतल्याशिवाय त्याचा माणसावर विश्वास बसत नाही.

मी गेले ती २०२२ च्या सप्टेंबरात, दसलक्षण पर्व आटोपून. युक्रेनची लढाई सुरू होऊन सहा-सात महिने झाले होते आणि तेलाचा भाव गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला होता. दोन वर्षांपूर्वी तो निम्म्याहून कमी होता. लेकीचं घर शंभर वर्षांचं, लाकडी, दुमजली, खिडक्यांतनं वारं येणारं. त्याला हिवाळ्याला आठशे गॅलन लागतात. गुणाकार मी मनातल्या मनात केला आणि नंतर रुपयांत केला. तो करू नये असं सगळे सांगतात, पण कुठली आई करत नाही? सव्वातीन लाखांच्या वर. नुसतं घर उबदार ठेवायला.

जावयांची नोकरी चांगली आहे, लेकही कमावते. त्यांचं कसंही निभावलं असतं. पण शेजारच्या घरात एक अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई एकटी राहते. नवरा कागदाच्या गिरणीत होता. त्या भागातल्या कागदाच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, नवराही गेला. तिच्याकडनं मला कळलं की तेलाची गाडी सहसा शंभर गॅलनच्या खाली माल घालायला येत नाही. एका वेळी पाचशे डॉलर ज्याच्याकडं नाहीत त्यानं काय करायचं? तो पेट्रोल पंपावर जातो, पाच गॅलनच्या कॅनमध्ये डिझेल आणतो आणि स्वतः टाकीत ओततो. दोन दिवस जातात, परत कॅन. महागातला करवाला माल गरीब घेतो, स्वस्तातला श्रीमंताच्या दारी गाडीनं येतो. हे ऐकताना मला तो देश एकदम ओळखीचा वाटायला लागला.

ही म्हातारी मात्र कॅन आणत नव्हती. तिच्याकडं लाकडाची शेगडी होती. १९७३ साली अरबांनी तेल अडवलं तेव्हा त्या भागात घराघरांत लोकांनी लाकडाच्या शेगड्या परत बसवल्या. तिच्या नवऱ्यानंही त्यानंतर दोनेक वर्षांत घेतलेली, काळी, ओतीव लोखंडाची, पुढं दार असलेली. मधल्या काळात तेल स्वस्त झालं तेव्हा लोकांनी शेगड्या विकल्या. हिनं ठेवली. थंडीत ती वरचा मजला बंद करते, शेगडीच्या खोलीत खाट आणते आणि मार्चपर्यंत तिथंच राहते.

लेकीच्या घरी दुसराच बेत चालला होता. पेलेटची शेगडी घ्यायची. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुश्श्याच्या गोळ्या. गोळ्या म्हणण्यापेक्षा कांड्या. बोटाच्या पेराएवढ्या लांब, पेन्सिलीएवढ्या जाड. लाकडाच्या गिरणीतला भुस्सा वाळवतात, दाबानं चाळणीसारख्या साच्यातनं काढतात, शेवेच्या सोऱ्यातनं काढावं तसं. गोंद वगैरे काही घालत नाहीत. दाबाच्या उष्णतेनं लाकडातलाच चिकटपणा सुटतो आणि गार झाल्यावर कांडी घट्ट होते. अठरा किलोची एक पिशवी, पन्नास पिशव्यांचा त्यांचा टन. एक टन म्हणजे साधारण एकशेवीस गॅलन तेलाची ऊब. त्या वर्षी टन साडेतीनशे डॉलरला पडला. शेगडी बसवण्यासकट चार हजारांची. चार टन जाळले तर वर्षाला हजारभर डॉलर वाचतात, हा हिशेब जावयांनी मला कागदावर मांडून दाखवला. मी बी. ए., पण असला हिशेब मला कळतो. घर चालवलंय.

पहिली पिशवी फोडली तेव्हा मी एक कांडी हातात घेऊन वास घेतला आणि हसायलाच लागले. अगं, ही तर आपली भुश्श्याची शेगडी!

तरुण वाचकांनी ती बघितली नसेल. आमच्या लहानपणी बेळगावात लाकडाच्या वखारी पुष्कळ, खानापूर-दांडेलीकडचं लाकूड यायचं, त्यामुळं भुस्सा पोत्यानं आणि स्वस्तात मिळायचा. पत्र्याचा उभा डबा, खाली बाजूला एक भोक. मधोमध काचेची बाटली उभी धरायची, खालच्या भोकातनं लाकडाचा दांडा बाटलीला भिडवायचा आणि भोवतीनं भुस्सा ठासून ठासून भरायचा. मग बाटली गोल फिरवत अलगद वर काढायची, दांडा बाहेर ओढायचा. भुस्सा ढासळला तर सगळं पहिल्यापासून. आमच्या घरात हे काम आजी दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. खालून कागदाचा बोळा पेटवला की आतल्या आत धग धरायची आणि दोन-तीन तास एकसारखी आच. डाळ शिजून, पाणी तापून, वर दूध आटायला ठेवता यायचं.

पण भरण्याआधी एक काम असायचं. भुस्सा चाळायचा आणि पडवीच्या सावलीत पसरून ठेवायचा. उन्हात नाही. उन्हात टाकला तर त्यातले जीव तडफडून मरतील; सावलीत ठेवला तर निघून जातील. जळणाचंही तसंच. प्रत्येक लाकूड दगडावर आपटायचं, मऊ केरसुणीनं झाडायचं, साल सुटलेली असेल तर काढून आत बघायचं. शेणी उलट्या करून बघायच्या. चातुर्मासात ओलीनं किडे जास्त, म्हणून पावसाळ्याचं जळण उन्हाळ्यातच शोधून माळ्यावर चढवलेलं असायचं. आपल्या घरांत धान्य शोधतात, पाणी गाळतात, तसंच जळण शोधायचं. हे कुणी शिकवलं असं नाही. हात ते करायचे.

आता पेलेटच्या कांडीत शोधणार काय? ती भट्टीत वाळून, दाबून आलेली, पिशवीत बंद. शेगडीला विजेचं बटण. वरच्या पेटीत कांड्या ओतल्या की खाली एक स्क्रू फिरतो, मोजून मोजून कांड्या पेल्यात टाकतो, विजेच्या तापलेल्या कांबीनं जाळ धरतो. एक पंखा धूर बाहेर नेतो, दुसरा गरम हवा घरात सोडतो. एका पिशवीला मूठ-दोन मूठ राख. (त्या राखेनं मी तांब्याचा तांब्या घासला. लेकीनं कपाळाला हात लावला, पण तांब्या चकचकीत निघाला.) लेक म्हणाली, "आई, बघ, एक मुंगीसुद्धा मरत नाही यात. तुझ्या मनासारखं."

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. पण ते मनात फिरत राहिलं, आणि एका संध्याकाळी आमच्या ह्यांच्याशी फोनवर त्यावर बराच वेळ बोलले. पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आहे, वनकर्म आहे. लाकूड तोडायचा नि कोळसा पाडायचा धंदा श्रावकानं करू नये म्हणतात. मग तोडलेलं लाकूड, वाळवलेला भुस्सा विकत घेणाऱ्याचं काय? जात्याचं पाप नको म्हणून गिरणीत दळून आणलं तर जातं सुटतं, पण दळण सुटतं का? कृत, कारित, अनुमोदना असं तिहेरी सांगितलंय ते काय उगीच? मुंगी आमच्या डोळ्यांसमोर मेली नाही, गिरणीच्या वाळवणीत मेली, एवढाच काय तो फरक. आणि तेलाचं म्हणाल तर ते जमिनीतलं, निर्जीव खरं. पण त्या वर्षी त्याचा भाव कशानं वाढला होता ते रोज टीव्हीवर दिसत होतं.

हे सगळं मी बोलून दाखवल्यावर ह्यांनी शांतपणे विचारलं, "बाहेर किती आहे आत्ता?" मी म्हटलं, "उणे आठ." "मग पोरांना शेकू दे. आरंभी हिंसा गृहस्थाला चुकत नाही. जपून करायची, इतकंच आपल्या हातात." फोन ठेवताना वर म्हणाले, "आणि तू कानाला गुंडाळ काहीतरी."

तिकडं जळणातल्या किड्यांची काळजी सरकारही घेतं बरं का. बाहेरच्या राज्यातलं प्रक्रिया न केलेलं जळाऊ लाकूड मेनमध्ये आणायला बंदी आहे. हिरवा चकाकणारा एक किडा ॲश नावाच्या झाडांना पोखरून मारतो. तो २००२ मध्ये मिशिगन राज्यात सापडला आणि जळणाबरोबर प्रवास करत करत २०१८ मध्ये मेनला पोचला. म्हणून जिथलं लाकूड तिथंच जाळा असा प्रचार असतो. त्यांना झाड वाचवायचंय. आमच्या आजीला किडा वाचवायचा होता. लाकूड निरखून बघायचं काम मात्र दोघांनाही.

मला खरी काळजी वेगळीच होती. माझी नात सहा वर्षांची, आणि तिला दमा आहे. सर्दी झाली की छातीत शिट्टी वाजते. शेगडी घ्यायच्या आधी लेकीनं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की धूर म्हणून बघितलं तर तेलाची भट्टी सर्वात बरी, पेलेट त्याखालोखाल, आणि जुनी लाकडाची शेगडी या मुलीच्या जवळपास नको. तिथं शेगड्यांच्या धुरावर सरकारी मोजमाप आहे. १९८८ साली नियम आले, २०२० मध्ये ते आणखी कडक झाले, तासाला किती ग्रॅम कण बाहेर पडावेत इथवर. शेजारणीची शेगडी त्या सगळ्याच्या आधीची.

धूर काय करतो हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, चाळीस वर्षं चुलीपुढं बसल्या. गॅस घरात आला तेव्हा त्यांचं अर्धं आयुष्य संपलं होतं. शेवटी शेवटी दोन पायऱ्या चढल्या की थांबायच्या. एकदा त्यांच्या छातीचा फोटो नवीन डॉक्टरांनी बघितला आणि ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, "आई विडी ओढतात का?" सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब न घेतलेली बाई! आत्तींना ते कळलं तेव्हा त्या हसल्या आणि हसताना त्यांना खोकल्याची उबळ आली. अहिंसेच्या गोष्टी करताना आपण जळणातल्या मुंगीपर्यंत जातो. चुलीपुढं बसलेल्या बाईपर्यंत फार उशिरा पोचलो. हे मला मंडळात बोलून दाखवायचंच होतं.

तर पेलेट ठरलं, नोव्हेंबरात बसलं, आणि डिसेंबर बरा चालला. बरा म्हणजे काय, तिथं डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. मी साडेतीनला जेवून घ्यायची. नात शाळेतनं यायची तेव्हा आजीचं रात्रीचं जेवण उरकलेलं. तिला त्याचं फार नवल.

२३ डिसेंबरला वादळ आलं. आधी वारं नि पाऊस, मग एकदम पारा खाली. झाडं तारांवर पडली आणि राज्यात लाखो घरांची वीज गेली. आता गंमत बघा. पेलेटची शेगडी विजेवर. स्क्रू बंद, पंखे बंद. बरं, तेलाची जुनी भट्टी? तिलाही ठिणगी नि पंप विजेचाच. तळघरात तेल आहे, चार टनांतल्या तीन टन कांड्या रचून ठेवल्यात, आणि घर गार पडत चाललंय. दुपारी वीस अंश होतं, रात्री दहाच्या सुमाराला नऊ. पोरीला वाफारा द्यायचं मशीन तेही विजेचं. पंप होता हाताशी, तोंडाला नळी लावून द्यायचा, तेवढा आधार. गार हवेनंही दमा उठतो. तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती.

शेजारणीनं टॉर्च घेऊन दार वाजवलं. "लेकराला घेऊन या," एवढंच म्हणाली. १९९८ च्या जानेवारीतही बर्फाच्या वादळानं त्या भागात वीज गेली होती, काही ठिकाणी दोन-दोन आठवडे. तेव्हा तिच्या त्या खोलीत अकरा माणसं झोपली होती म्हणे.

लेक दारात थांबली. डॉक्टरांनी नको म्हटलेली हीच ती शेगडी. इकडं थंडी, तिकडं धूर. जावई गाडीतनं दूरच्या हॉटेलात जाऊ म्हणत होते, पण रस्त्यावर झाडं पडलेली. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मी आधी जाऊन बघून येते."

जाऊन मी काय बघितलं? पहिल्यांदा लाकूड. पडवीत रचलेल्या ढिगातनं दोन फाका उचलून एकमेकींवर आपटल्या. ठण्ण वाजलं. ओलं लाकूड बद्द वाजतं, आणि धूर होतो तो ओल्याचा. म्हातारीनं माझ्याकडं बघून मान हलवली आणि दोन बोटं दाखवली, दोन वर्षं वाळलेलं. तिथं झाड तोडून, फोडून, रचून, निदान सहा महिने ते वर्षभर वारा खाऊ देतात, वरनं नुसतं झाकतात, बाजू मोकळ्या. आमच्या आजीच्या माळ्यासारखंच. मग धुराड्याची खिट्टी कुठं आहे ती बघितली. दार उघडायच्या आधी खिट्टी पूर्ण उघडायची, थोडं थांबायचं, दार आधी बोटभर उघडायचं आणि मगच पुरतं, म्हणजे धूर खोलीत न येता वर जातो. हे म्हातारीलाही ठाऊक होतं, पण गुडघ्यांमुळं ती घाईनं उरकायची. रात्रभर लाकूड घालायचं काम मी घेतलं. मी परत गेले आणि लेकीला म्हटलं, "चल."

पोरीला शेगडीपासून लांब, आतल्या खोलीच्या दाराशी झोपवली. दर चार तासांनी पंप. मी जागीच. भिंतीवर हरणाचं शिंगांसकट मुंडकं होतं, त्याच्याकडं पाठ करून बसले आणि णमोकार म्हणत राहिले. लाकूड घालायच्या आधी प्रत्येक फाक पडवीत पायरीवर आपटून घेत होते. एका फाकेच्या सालीखालनं थंडीनं गोठल्यासारख्या झालेल्या मोठ्या काळ्या मुंग्या निघाल्या, पाचसहा. ऊब लागली की त्या जाग्या होतात. ती फाक मी बाजूला ठेवली. म्हातारी खाटेवरनं बघत होती. सकाळी म्हणाली, "मीही आपटते. घरात आल्या की तुळया पोखरतात मेल्या." मी म्हटलं, "हो." लेकीनं ते भाषांतर करताना माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

वीज दोन दिवसांनी आली. त्या दोन दिवसांत शेगडीच्या लोखंडी पाठीवर एका बाजूला तिचं घेवड्याचं डुकराच्या चरबीतलं भांडं आणि दुसऱ्या बाजूला माझी मुगाच्या डाळीची खिचडी. मध्ये वीतभर अंतर. तेवढं मी राखलं, आणि तिनंही न सांगता राखलं. नातीचा श्वास बिघडला नाही. दुसऱ्या दिवशी तर ती खाटेवर उड्या मारत होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक थंडीची लाट आली, पारा उणे पंचवीसच्याही खाली. वीज होती, त्यामुळं पेलेटनं साथ दिली, दोन दिवसांत पाच पिशव्या. मार्चच्या सुरुवातीला मी परतले.

इथं आले तर आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या ओढणीला धुराचा वास. उज्ज्वलाचं सिलिंडर तिला मिळालेलं. शेगडी घरात आहे. पण २०२२ मध्ये सिलिंडर हजाराच्या वर गेलं होतं, तेव्हापासून ती गॅसवर फक्त सकाळचा चहा नि मुलाचा डबा करते, भाकरी नि अंघोळीचं पाणी बाहेर तीन दगडांवर. चिपाडं, तुरकाट्या, मिळेल ते. मी तिला म्हटलं, "बाहेर करतीस ते बरं, पण ओलं जाळू नको गे." ती म्हणाली, "वैनी, वाळलेलं ठेवायला जागा कुठं हाय?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या जुन्या माळ्यावर आता गणपतीचं मखर, जुन्या बॅगा नि लेकीच्या शाळेतल्या वह्या आहेत. ते सगळं खाली काढून तिला एक कोपरा दिलाय. पावसाळ्यापुरतं जळण ती तिथं ठेवते. चढवायच्या आधी ते झाडून घ्यायचं मात्र मी सोडत नाही, आणि त्यावरनं आमची थोडी कुरबुर होते.

लेकीचा परवा फोन होता. पुढच्या हिवाळ्याचे पाच टन पेलेट तिनं मे महिन्यातच सांगून ठेवलेत; उन्हाळ्यात भाव जरा कमी असतो, आणि शरदात सगळे धावतात तेव्हा माल संपतो. शेजारणीच्या दारात कच्चं लाकूड येऊन पडलंय, या वेळी फोडायला नि रचायला जावई जातात. ज्यांना लाकूडही परवडत नाही त्यांना फुकट देणाऱ्या लाकूड-पेढ्या तिथं गावोगाव आहेत. म्हातारीनं तिच्या ढिगातला थोडा भाग तिकडं पाठवायला सांगितलाय. आणि जावयांच्या डोक्यात आता लाकडाची एक छोटी, नव्या नियमांची शेगडी घ्यायचं आहे, फक्त वीज गेल्यावर लावायला. लेक नको म्हणते. ती म्हणते त्यापेक्षा जनरेटर घ्या. जनरेटरला परत तेल आलंच. दोघांचं अजून ठरलेलं नाही.